'मी फक्त लिंक टाकतोय'

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलाचं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. तो गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट टूर्नामेंटना मराठीत कॉमेंट्री करतो आणि त्याचे रील्स टाकतो, इन्स्टावर ८५ हजार फॉलोअर्स आहेत. कमाई सीझनपुरती, पावसाळा लागला की हात रिकामे. बहिणीचं लग्न ठरलंय, वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. महिन्याभरापूर्वी टेलिग्रामवर एकाने त्याला गाठलं. एका 'स्पोर्ट्स न्यूज' साइटची लिंक बायोमध्ये ठेवायची, आठवड्याला दोन रील टाकायचे, महिन्याला ४० हजार मिळणार आणि शिवाय त्याच्या नावाच्या कोडवरून जे येतील त्यांच्यावर टक्के. साइटवर नावाला बातम्या आहेत, आत बेटिंग ॲप आहे, हे त्याला माहितीये. १५ हजार ॲडव्हान्स खात्यावर आलाय, स्क्रिप्टही आलीये, शूटिंग अजून केलेलं नाही. तो म्हणतो, "ताई, मी कुणाला जबरदस्ती करत नाही, मी फक्त लिंक टाकतोय. मोठमोठ्या क्रिकेटर्सनी केलं ते चाललं. मी खाली 'आपल्या जबाबदारीवर खेळा' असं लिहीन. करू की नको?" आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की मामाचा मुलगा अशाच ॲपवर तीन लाख घालवून बसलाय, पण तो मुळातच तसला आहे.

अरे, पहिल्यांदा एक सांगते, तुझी पैशाची अडचण मला खोटी वाटत नाहीये. घरात लग्न, वरून कर्ज, आणि आपली कमाई चार-पाच महिन्यांची, अशात कुणी ४० हजार समोर ठेवले तर कुणाचाही जीव हलेल. पण ॲडव्हान्स येऊन महिना होत आला, स्क्रिप्ट हातात आहे, मोबाईल-ट्रायपॉड सगळं घरात आहे आणि तू रील शूट न करता मला पत्र लिहीत बसलायस. म्हणजे आत कुठेतरी अडतंय तुझं, ते काय अडतंय ते आधी बघू.

मला सगळ्यात आधी हे विचारायचंय की तुलाच का? तू चांगला बोलतोस, मी तुझं काम बघितलेलं नाही पण ८५ हजार लोक उगाच थांबत नाहीत. तरीपण पैशाच्या खेळांच्या कंपन्यांकडे काही वर्षांपूर्वी आख्खी आयपीएल होती, टीव्ही होता, टीम इंडियाची जर्सी होती. २०२३ मध्ये ड्रीम इलेव्हनने जर्सीसाठी ३५८ कोटींचा करार केला होता, तीन वर्षांचा. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, आणि त्यांची जाहिरात करणं हाही वेगळा गुन्हा. तो करार मध्येच सुटला आणि एशिया कपला आपली टीम छातीवर स्पॉन्सरचं नाव न घेता उतरली, तू तर तेव्हा मॅच बघितली असशीलच.

मग आता ज्यांना अजूनही हा धंदा करायचाय, म्हणजे मुख्यतः बाहेरच्या देशात बसलेले बेटिंगवाले, त्यांना जर्सी मिळत नाही, टीव्ही मिळत नाही, पेपरचं पहिलं पान मिळत नाही. समोरचं दार बंद झालं म्हणून ते मागच्या दाराने आलेत आणि ते मागचं दार म्हणजे तू. तुझ्यासारखे गावागावातले हजारो जण, ज्यांचा आवाज लोकांना आपल्या घरातला वाटतो. ते ४० हजार तुझ्या लिंकचे नाहीयेत रे, लिंक तर कुणीही टाकेल. तू रीलच्या सुरुवातीला जे "भावांनो" म्हणत असशील ना, ते त्यांना विकत हवंय.

आता तुझं "मी फक्त लिंक टाकतोय" हे वाक्य. मी लालबागला चाळीत वाढले, माझे काका गिरणीत होते आणि त्यांना मटक्याचा नाद होता. त्या काळी गिरणगावात ओपन काय आला नि क्लोज काय आला हे गल्लीगल्लीत बोललं जायचं, काका पगाराच्या दिवशी नाक्यावरच्या टपरीवर आकडा लावायचे आणि चिठ्ठी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे म्हणजे काकूच्या हाताला लागू नये. माझी चुलत बहीण झाली तेव्हा काकांनी सोडला मटका. कसा सोडला माहितीये? गिरणीतून सुटले की नाक्यावरून यायचंच नाही, पलीकडच्या गल्लीतून लांबचा फेरा मारून घरी यायचं. जवळजवळ वर्षभर ते त्या गल्लीतून आले. टपरीवाला काही मागे आला नाही, आमच्या जिन्यावर चढून "चला, आज एक आकडा फुकट लावा" असं म्हणाला नाही. नंतर काका परत अडकले हे खरंय, पण ते वर्ष आमच्या घराला मिळालं, काकूने त्या वर्षात शिलाई मशीन घेतलं आणि पुढे घर त्यावर चाललं.

आज ज्याला सोडायचंय त्याला पलीकडची गल्लीच नाहीये. त्याने ॲप उडवलं तरी मेसेज येतो की तुमच्या खात्यात बोनस पडलाय, यूट्यूब लावलं तर मध्ये तेच, आणि त्यातून सुटून तो बिचारा टेनिस बॉलची मॅच बघायला तुझ्या पेजवर येतो तर तिथे तू म्हणतोस भावांनो लिंक बायोमध्ये आहे. तू जबरदस्ती करत नाहीस हे बरोबर आहे, टपरीवालापण करत नव्हता. पण तुझा रील त्याच्या पलीकडच्या गल्लीत जाऊन उभा राहतोय, हा फरक तू नीट बघावास असं मला वाटतं. म्हणून मला जाहिरातीवरची बंदी पटते, खेळावरच्या बंदीपेक्षाही जास्त पटते, कारण ज्याला खेळायचंय तो शोधत जाईल, पण जाहिरात जाते ती न शोधणाऱ्याकडे, सोडलेल्याकडे आणि पोरांकडे.

पोरांचं म्हणालेच आहे तर एक कर, हे वाचून झालं की तुझ्या इन्साइट्समध्ये जा आणि वयाचा तक्ता बघ, १३ ते १७ अशी एक ओळ असते. ते जे काही टक्के असतील ते ८५ हजारांतून काढ. जो आकडा येईल तेवढी शाळेतली पोरं तुझं ऐकतात.

पुढचं, ते "कोडवर टक्के". कशावर टक्के, हे विचारलंस का त्याला? या धंद्यात दोन पद्धती चालतात. एक म्हणजे तुझ्या कोडवरून कुणी पहिल्यांदा पैसे भरले की तुला एकदाच ठरलेली रक्कम. दुसरी म्हणजे तुझ्या कोडवरून आलेली माणसं जेवढं हरतील त्यातला हिस्सा, महिनोन्महिने. तुला 'टक्के' म्हटलंय म्हणजे बहुतेक दुसरी. मग विचार कर, तुझ्या कोडवरून आलेला पोरगा जिंकला तर तुला काही नाही, तो बुडाला तरच तुझ्या घरी पैसे. बहिणीच्या लग्नाला तुझे फॉलोअर्स हरतील या हिशोबावर उभं राहायचं का, हा प्रश्न मी तुझ्यावर सोडते.

आणि स्क्रिप्ट. तू पत्रात लिहिलंयस की तू स्वतः कधी एक रुपया लावलेला नाहीस, आणि त्यांनी पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये "काल मी दोन हजार लावले आणि नऊ हजार काढले" असं आहे, सोबत स्क्रीनशॉटही त्यांनीच दिलाय. म्हणजे लिंक टाकण्याच्या आधी तुला खोटं बोलायचंय, आणि ते अशा लोकांशी ज्यांना तू आउट म्हणालास की आउट वाटतं. कॉमेंट्रेटरकडे दुसरं असतं काय रे?

खाली 'आपल्या जबाबदारीवर खेळा' लिहीन म्हणतोस. हे करून झालंय आपल्या देशात. जाहिरातींची जी संस्था आहे, ॲस्की, तिने डिसेंबर २०२० पासूनच नियम केला होता की पैशाच्या खेळाच्या जाहिरातीत आर्थिक जोखमीचा आणि सवय लागण्याचा इशारा द्यायचा, छापील जाहिरातीत निदान २० टक्के जागा त्याला द्यायची, अठरापेक्षा लहान वाटणारं कुणी दाखवायचं नाही, हा कमाईचा किंवा नोकरीला पर्याय आहे असं सुचवायचं नाही. टीव्हीवर तो इशारा कसा धाडधाड वाचला जायचा ते तुला आठवत असेल, कुणाला एक शब्द कळायचा नाही. पाच वर्षं इशारे वाचून झाले आणि शेवटी सरकारला संसदेत सांगावं लागलं की ४५ कोटी लोकांना याची झळ बसतेय आणि वर्षाला २० हजार कोटी रुपये बुडतायत. इशाऱ्याने थांबणारी गोष्ट असती तर तेव्हाच थांबली असती.

मोठ्यांनी केलं ते चाललं, हेही पूर्ण खरं नाही. तेव्हा बऱ्याच खेळांना कौशल्याचा खेळ म्हणून कोर्टाचं संरक्षण होतं, त्यांनी केलं ते कायद्यात बसत होतं. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू सचिनच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले होते ना, भारतरत्न माणसाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये म्हणून. लोकांना तेव्हाही खटकत होतं. आणि परदेशी बेटिंग ॲपच्या जाहिरातींवरून २०२५ मध्ये आपल्या काही माजी क्रिकेटपटूंना ईडीने चौकशीला बोलावलं. त्यांच्यामागे वकिलांची फौज असते, तुझ्यामागे सोसायटीचं कर्ज असलेले वडील आहेत.

कायद्याचं स्पष्टच लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. या कायद्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, पुन्हा केलं तर आणखी जास्त. जो खेळतो त्याला मात्र शिक्षा नाही, त्याला पीडित धरलंय, हे मला या कायद्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. न्यूज साइटच्या आडून केली तर चालते असं तुला त्या माणसाने सांगितलं असेल, पण माहिती-प्रसारण खात्याने ऑक्टोबर २०२२ मध्येच सूचना काढली होती की बातम्यांच्या साइटचं नाव पुढे करून बेटिंगची जाहिरात चालणार नाही. ती पळवाट जुनी आहे आणि सगळ्यांना माहितीची आहे. मार्च २०२४ मध्ये तर इन्फ्लुएन्सर्सना वेगळी सूचना आली.

आणि एक गोष्ट ज्याकडे तुझ्यासारख्या पोरांचं लक्षच जात नाही, ती म्हणजे पैसा येतो कुठून. तुझे १५ हजार कुणाच्या नावावरून आले ते स्टेटमेंटमध्ये बघ. कंपनीचं नाव असेल तर ठीक, पण अनेकदा भलत्याच माणसाचं, भलत्याच राज्यातलं खातं असतं, भाड्याने घेतलेलं. उद्या त्या खात्यावर कुणी सायबर फसवणुकीची तक्रार केली तर पुढे पैसे जिथे जिथे गेले ती खाती गोठवली जाऊ शकतात, त्यात तुझं पण. लग्नाच्या आठ दिवस आधी हॉलवाल्याला द्यायचे पैसे खात्यात आहेत आणि निघत नाहीत, अशी वेळ येऊ नये म्हणून सांगतेय.

तू पत्रात लिहिलंयस की तुझा मित्र म्हणतो, बंदी करून काय होणार, लोक टेलिग्रामवरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल घेऊन खेळतातच. तो अगदी चुकीचा नाहीये. कंपन्या कोर्टात गेल्यात, एक साइट ब्लॉक केली की एक अक्षर बदलून दुसरी येते, आणि इथे टॅक्स भरणाऱ्या कंपन्या बंद होऊन बाहेरच्यांचं फावलं असं म्हणणारे जाणकारही आहेत, मलाही वाटतं की नुसत्या बंदीवर सरकारने समाधान मानू नये, उपचाराची सोय तालुक्याला हवी. पण त्याला हे विचार की जिथे बेटिंग कायदेशीर आहे तिथेही जाहिरातीला का आवरतायत? इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये ठरवलं की २०२६-२७ च्या सीझनपासून शर्टाच्या समोर जुगार कंपनीचं नाव नको. खेळ चालू ठेवायचा की नाही यावर जगात वाद आहे, पण हाक मारणं कमी करा यावर बऱ्याच जणांचं एकमत होत चाललंय. आणि तुला तर हाक मारायलाच बोलावलंय.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते, पत्र वाचताना मी तिथेच थांबले होते. "तो मुळातच तसला आहे." कसला रे? तुझ्याच पत्रात आहे की तो एमआयडीसीत कामाला होता, तुझ्या पहिल्या माइकचे अर्धे पैसे त्याने दिले होते. जुगाराचा नाद हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तो व्यसनांच्या वर्गात आहे. सुरुवातीला थोडं जिंकणं, मग हरलेले भरून काढायला परत लावणं, मग हातउसने, मग कर्ज देणारी ॲप्स, मग घरात खोटं बोलणं, हे सगळं चांगल्या घरच्या, कष्टाळू मुलांचं होतं. आपण त्याला 'तसला' म्हणतो कारण मग आपल्याला वाटतं की आपले फॉलोअर्स तसले नाहीत, त्यांना काही होणार नाही. तो तुला फॉलो करतो का? करत असणारच. मग तुझा पहिला रील सगळ्यात आधी कुणाच्या मोबाईलवर दिसेल?

तर माझं उत्तर नको असंच आहे. आता पुढे काय करायचं ते बोलू.

ॲडव्हान्स ठेवून घेऊ नकोस आणि खर्चही करू नकोस. आधी सगळं चॅट, स्क्रिप्ट, व्यवहार, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेव, कारण तिकडून चॅट पुसलं जातं. मग लिहून कळव की मी हे काम करणार नाही. पैसे परत करायचे तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तो म्हणेल या दुसऱ्या नंबरला टाक, ते अजिबात करायचं नाही, नाहीतर दुसऱ्याचा पैसा पुढे सरकवणाऱ्यांच्या साखळीत तू आलास. भलत्याच माणसाचं खातं असेल तर तालुक्याच्या वकिलाला पाचशे-हजार देऊन आधी विचार, बँकेतही लेखी कळव. धमकी आली तर १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे जा, तू अजून काही केलेलं नाहीयेस, आत्ता जाणं सोपं आहे. आणि बायोमध्ये लिंक आधीच टाकली असशील तर ती आत्ता काढ.

पैशाचं म्हणशील तर ४० हजाराला तोडीस तोड एक पर्याय मी देऊ शकत नाही, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या हातात जे आहे त्याची किंमत तू कमी लावतोयस. कुणीतरी तुझ्या आवाजाला महिन्याला ४० हजार किंमत लावली, मग तोच आवाज घेऊन इचलकरंजीच्या कापडवाल्याकडे, बॅट-बॉलच्या दुकानदाराकडे, ट्रॅक्टरच्या शोरूमला, क्लासवाल्यांकडे जा, एकेकाकडून सीझनचे दहा-पंधरा हजार असे चार-पाच जण बांध. टूर्नामेंटच्या कमिटीकडून आधी मानधन ठरव, आमदार चषकाला लाखाचं बक्षीस असतं आणि कॉमेंट्रीवाल्याला जेवण आणि टॉवेल-टोपी, हे तू बदलायला सांगू शकतोस. पावसाळ्यात लग्नाचं, साखरपुड्याचं निवेदन, दुकानांच्या उद्घाटनाचे रील. आणि बहिणीशी बोल. तिला सगळं सांग, कदाचित ती म्हणेल की दादा, जेवणावळ कमी करू. तिला न विचारता तिच्या लग्नासाठी हे करत होतास, हेपण मला थोडं खटकलं.

हे पत्र बाकीचे वाचत असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. टूर्नामेंट कमिटीवाले, बॅनरवर कुठल्याही 'न्यूज' किंवा 'फँटसी' नावाचा स्पॉन्सर घेण्याआधी ती साइट स्वतः उघडून बघा, आत पैसे भरायचा पर्याय दिसला तर घेऊ नका, तुमच्या मैदानात आठवीची पोरं बसलेली असतात. आणि आईवडिलांनी पोराच्या मोबाईलवर असा रील दिसला म्हणून पोराला ओरडू नका, त्याच्याबरोबर बसून त्या रीलला रिपोर्ट कसं करायचं ते त्यालाच विचारा, त्याला येत असतं.

राहिला मामाचा मुलगा. त्याला तीन लाख देऊ नकोस, तुझ्याकडे नाहीतच आणि असते तरी आत्ता हातात देणं बरोबर नाही. त्याला भेट. कर्ज कुणाकुणाचं आहे ते एका वहीत दोघं मिळून लिहा, मामा-मामींसमोर एकदाच सगळं मांडा, पगार काही दिवस मामींच्या खात्यात जाऊ दे, तो स्वतः तयार असेल तर यूपीआय मर्यादा कमी करून ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, पहिला फोन तू त्याच्या शेजारी बसून लाव. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे घेऊन जा. रविवारी मॅच असेल तर त्याला बरोबर ने, स्कोअर लिहायला बसव तुझ्या शेजारी. आणि त्या माइकचं मी तुझ्याच पत्रात वाचलं असं त्याला सांगितलंस तरी चालेल.